आईची आई, तिची आई: माहेरची वंशरेषा शोधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बापाकडची वंशावळ बहुतेक घरांत कुणीतरी लिहून ठेवलेली असते. आईकडची लिहिलेली मी फार थोड्या घरांत पाहिली. गेली काही वर्षं मी स्वतःच्या आजी-पणजीचा माग काढते आहे, आणि त्यातून ओळखीपाळखीच्या लोकांचे प्रश्न येत राहतात. तेच इथे उत्तरांसह मांडले आहेत.

आईकडची वंशरेषा म्हणजे आजोळचं घराणंच ना?

नाही, आणि पहिला घोटाळा इथेच होतो. आजोळचं घराणं म्हणजे आईच्या वडिलांचं घराणं. तिथलं आडनाव, कुलदैवत, जमीन, सगळं आजोबांकडून आलेलं. आईची रेषा म्हणजे आई, तिची आई, तिची आई, तिची आई: आजी, पणजी, खापरपणजी. या रेषेत दर पायरीला आडनाव बदलतं, बहुतेकदा गाव बदलतं आणि कुलदैवतही बदलतं. चार पिढ्या मागे गेलात तर चार वेगळी घराणी आणि बहुधा चार वेगळे तालुके निघतात. म्हणून एका गावात बसून हे काम होत नाही.

सुरुवात कुठून करू?

घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईपासून, आणि आजच. आजी नसेल तर तिची बहीण, चुलत जाऊ, शेजारीण. फक्त ‘तुझ्या आईचं माहेरचं नाव काय?’ असं थेट विचारू नका. बहुतेकींना ते आठवत नाही, आणि आठवत नाही म्हटलं की त्या ओशाळतात व बोलणंच थांबतं.

त्याऐवजी असं विचारा: दिवाळीला तुझ्या आईला न्यायला मुराळी कोण यायचा? कुठून यायचा, बैलगाडीने की एसटीने? तुझ्या आईचा मामा कोण होता? उन्हाळ्यात आजोळी जाताना वाटेत नदी लागायची का? तुझ्या आईच्या माहेरची जत्रा कुठल्या देवाची? नाव विसरलेलं असतं, पण जत्रा विसरलेली नसते. जत्रेची तिथी आणि देव कळला की गाव शोधणं सोपं जातं.

जात्यावरच्या ओव्याही म्हणून घ्या. ओवीत भाऊ येतो, माहेरची वाट येते, गावाचं नाव येतं. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि त्या गाणारणीच्या आणि गावाच्या नावानिशी नोंदवल्या गेल्या. तुमच्या आजीच्या गावचं कुणी त्यात असेल तर जरूर ऐका.

घरात कुठल्या वस्तू बघायच्या?

माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी आधी खाली काढा. लग्नात दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत घरोघरी होती. आमच्या घरचा एक हंडा कित्येक वर्षं काळा पडून होता. चिंच-मीठ लावून घासला तेव्हा गळ्याखाली टोच्याने ठोकलेली ठिपक्यांची अक्षरं दिसली. माझ्या आजीचं लग्नानंतरचं नाव, ‘हिस मामाकडून’, मग गावाचं नाव आणि शके १८७०. आजीचा मामा म्हणजे पणजीचा भाऊ. त्याचं गाव म्हणजे पणजीचं माहेर. जो प्रश्न मी दोन वर्षं कागदांना विचारत होते त्याचं उत्तर पाणी तापवायच्या भांड्यावरही होतं.

दुसरी वस्तू म्हणजे आहेराची वही. लग्नात कुणी काय दिलं ते लिहिलेली लांबट, लाल कापडी बांधणीची वही. ती बहुधा गावाप्रमाणे लावलेली असते: गावाचं नाव, खाली माणसांची नावं, पुढे धोतरजोडी, खण, रोख दोन रुपये. मामाकडचा आहेर वेगळा लिहिलेला असतो, कारण तो परत करताना बघायचा असतो. लग्नाची याद, जुन्या लग्नपत्रिका, फोटोंच्या मागचा मजकूर आणि जन्मपत्रिकाही बघा. जुन्या पत्रिकेच्या संस्कृत मजकुरात ‘भार्या’ आणि ‘कुक्षौ’ या शब्दांच्या जवळ आईचं नाव असतं. मात्र ते तिचं सासरचं नाव असतं हे विसरू नका.

लग्नात नाव बदललं असेल तर एकच बाई आहे हे कसं ओळखायचं?

ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरची ठकू सासरची लक्ष्मी व्हायची. त्यामुळे माहेरच्या कागदात आणि सासरच्या कागदात दोन वेगळ्या बायका दिसतात. जोड लावायला तीन गोष्टी लागतात: वय, नवऱ्याचं नाव आणि गाव. नावावर भरवसा ठेवू नका. ‘ठकूबाई, वय ४०, नवऱ्याचं गाव अमुक’ अशी माहेरची नोंद आणि त्या गावातल्या त्या नवऱ्याची बायको, हे जुळलं तरच पुढे जा. टोपणनावांचाही गोंधळ होतो. जिजी, बाय, आक्का, नानी ही नावं घरभर चालतात आणि कागदावर कुठेच नसतात.

सरकारी दप्तरात बायकांची नावं असतात का हो? जमीन तर पुरुषांच्याच नावावर.

असतात. जुन्या काळी बाई कागदावर आयुष्यात तीन-चारदाच यायची: नवरा वारल्यावर, लहान मुलांची पालक म्हणून, बापाच्या वारसांत, आणि भावासाठी हिस्सा सोडताना. नेमके तेच कागद मागायचे.

नवरा वारला की फेरफार पडतो, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद होते. फेरफार नोंदवही म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही म्हणजे ६-क. तिथे ‘मयताचे वारस’ म्हणून विधवेचं नाव येतं. मुलं लहान असतील तर सातबाऱ्यावर मुलाच्या नावापुढे ‘अ.पा.क. आई’ आणि आईचं नाव असतं. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, वयात न आलेल्या मुलाचा पालक. हे तीन अक्षरांचं संक्षिप्त रूप न कळल्यामुळे किती जण ते नाव ओलांडून पुढे जातात.

१९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी बापाच्या वारसांत आली. त्यानंतरच्या फेरफारांत मुलींची नावं दिसू लागतात, विवाहित असल्यास सासरच्या नावानिशी आणि ‘राहणार’ अमुक गाव असं. पुष्कळ ठिकाणी भावांची नावं कब्जेदार म्हणून आणि बहिणींची नावं सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात घातली गेली. तो उजवीकडचा रकाना वाचायचाच. एका फेरफारात दोन पायऱ्या मिळू शकतात: आजीच्या वडिलांच्या मृत्यूची नोंद काढली तर त्यात आजी ही मुलगी म्हणून आणि पणजी ही विधवा म्हणून असते.

मग हक्कसोड पत्र. बहिणीने भावाच्या लाभात हिस्सा सोडल्याचा हा दस्त. त्यात तिचं पूर्ण नाव, वय, सासरचं गाव, भावांची नावं आणि अनेकदा आईचंही नाव असतं. माहेर आणि सासर एकाच कागदावर सही-अंगठ्यानिशी देणारा याच्याइतका चांगला दस्त मला दुसरा माहीत नाही. मन मात्र जड होतं तो वाचताना. मी पाहिलेल्या एका दस्तात चार बहिणींचे चार अंगठे एकाखाली एक होते, आणि मोबदल्याच्या जागी ‘प्रेमापोटी’. दस्त नोंदलेला असेल तर तो दुय्यम निबंधकाकडे मिळतो. तिथल्या सूची क्रमांक १ मध्ये माणसांच्या नावावरून शोध घेता येतो, सूची क्रमांक २ मिळकतीवरून असते. तुम्हाला १ हवी.

हे कागद मागायचे कुठे?

जुने फेरफार आणि सातबारे पुष्कळ जिल्ह्यांचे स्कॅन झालेले आहेत आणि राज्याच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर गाव व गट क्रमांकावरून मिळतात. तिथे नसेल तर तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. गावात तलाठ्याकडे, म्हणजे आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याच्याकडे, अलीकडचं दप्तर असतं. अर्जात ‘माझ्या पणजीची माहिती’ असं लिहू नका. गाव, गट किंवा जुना सर्व्हे नंबर, साल आणि नमुना क्रमांक लिहा. माणसाचा नाही, रजिस्टरचा शोध मागायचा.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधताना गाव नमुना १४ (गावच्या जन्म-मृत्यूची वही), खासरा पत्रक (जमिनीची जुनी नोंद), शाळांची जनरल रजिस्टरं (मुलांच्या प्रवेशाची), १९५१ ची राष्ट्रीय नागरिक नोंदवही असं कितीतरी जुनं दप्तर बाहेर काढलं गेलं. काही जिल्ह्यांनी त्यातल्या नोंदी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकल्या. ज्या हेतूने ते झालं तो वेगळा, पण ज्या रजिस्टरांचा पत्ता लागत नव्हता ती आता कुठे आहेत हे कळलं आहे. १९५१ ची नागरिक नोंदवही जिथे टिकली आहे तिथे ती घराप्रमाणे आहे, म्हणजे घरातल्या बायकाही त्यात आल्या.

जन्माची नोंद मिळेल का?

जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा कायदा १९६९ चा. त्याआधी खेड्यात गाव नमुना १४ मध्ये नोंद व्हायची. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. मी हाताळलेल्या कोतवाल बुकांत बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच होतं, आईचं नाव नव्हतं.

तरीही ते बघायचं, आणि का ते सांगते. माझ्या आजीचा जन्म १९३१ चा. तिच्या वडिलांच्या गावच्या नमुना १४ मध्ये १९२९ ते १९३३ पर्यंतची पानं मी दोनदा चाळली. सलग दोन वर्षं सुट्ट्या घालवल्या. नोंद नाही. शेवटी तिच्या शाळेच्या जनरल रजिस्टरात ‘जन्मठिकाण’ या रकान्यात भलत्याच तालुक्यातलं गाव दिसलं, आणि मी कपाळावर हात मारला. आजी थोरली. पहिलं बाळंतपण माहेरी! तिची नोंद तिच्या बापाच्या गावात असणारच कशी? ती होती पणजीच्या माहेरच्या गावात. त्या वहीत त्या पानावर सगळी त्याच गावची आडनावं, आणि मधेच एक परगावचं आडनाव, माझ्या पणजोबांचं. काही दिवसांनी हंडा घासला, त्यावरही तेच गाव निघालं.

म्हणून थोरल्या अपत्याचं जन्मठिकाण हा आईच्या माहेराचा सगळ्यात भरवशाचा पुरावा समजा. धाकट्यांचा उपयोग नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला बाई बहुधा सासरीच बाळंत व्हायची. आजी स्वतः धाकटी असेल तर तिच्या थोरल्या भावाचा शाळेचा दाखला काढा. मुलगा असल्याने तो शाळेत गेलेला असण्याची शक्यताही जास्त.

शाळेच्या नोंदी किती जुन्या मिळतात?

शाळा किती जुनी त्यावर. गावच्या जिल्हा परिषद शाळांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली जनरल रजिस्टरंही सापडतात. मुलींची संख्या कमी, पण ज्या आहेत त्यांचं नाव माहेरचं असतं, हे मोठं. मुख्याध्यापकांना वेळ देऊन, सुट्टीच्या दिवशी नव्हे तर शाळेच्या दिवशी दुपारनंतर जा. रजिस्टर कपाटातून काढून ठेवायला त्यांना एक दिवस आधी सांगा.

‘कोम’, ‘भ्र.’ असं काय लिहिलेलं असतं?

‘सखुबाई कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको सखुबाई. ‘सखुबाई भ्र. रामजी’ म्हणजेही तेच, भ्र. म्हणजे भ्रतार. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. ‘गं.भा.’ म्हणजे विधवा. कोम नंतरचं नाव बापाचं समजून लोक चुकीच्या घराण्यात शिरतात. माझ्या माहितीतल्या एकाने असं पाच पिढ्यांचं झाड उभं केलं आणि नंतर मोडलं.

शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंतच्या तारखेला ७९. दख्खनी फसली सनात साधारण ५९० मिळवायचे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतचे पुष्कळ कागद मोडीत आहेत. आधी आडवी रेघ, मग तिला लटकत अक्षरं, शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा फरक नाही. घाबरू नका. नावं वाचण्यापुरती मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावाने येते. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आणि राज्याच्या पुराभिलेख विभागातर्फे मोडीचे वर्ग होतात. आधी आपल्या गावाचं, आडनावाचं आणि ‘कोम’ या शब्दाचं मोडी वळण ओळखायला शिका.

त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशीच्या उपाध्यांच्या वह्यांत आजी सापडेल का?

सापडेल, पण नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावाखाली. तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या गाव आणि आडनावाने लावलेल्या असतात. आलेल्या यजमानाने बाप, आजा, भाऊ, मुलं सांगायची आणि सही करायची. बायकोचं नाव अनेकदा असतं, तिचं माहेर क्वचित. म्हणून पणजीच्या सासरची नामावळी बघून झाली की तिच्या माहेरच्या आडनावाची नामावळीही मागा. तिच्या भावाने किंवा बापाने केलेल्या नोंदीत ती लेक म्हणून असू शकते. गुजरातमधल्या सिद्धपूरला मातृगया म्हणतात. घरातलं कुणी आईच्या श्राद्धासाठी तिथे गेलं असेल तर तिथल्या उपाध्यांनाही विचारा.

तर्पणातली नावंही लिहून घ्या, घरातल्या पुरुषांना ती पाठ असतात. त्यात बापाकडच्या तीन पिढ्या, आई-आजी-पणजी या तीन पिढ्या आणि आईच्या वडिलांकडच्या तीन पिढ्या सपत्नीक येतात. पण बारकाईने बघा. तिथली मातृत्रयी म्हणजे आई, बापाची आई, आजोबांची आई. मातामही म्हणजे आईची आई येते, पण प्रमातामही ही आईच्या वडिलांची आई. आईच्या आईच्या आईला त्या मंत्रांत जागाच नाही. मला हे प्रथम लक्षात आलं तेव्हा मी वही मिटून बराच वेळ बसून राहिले होते.

आमच्या आजीच्या माहेरच्या घराण्याचा कुलवृत्तांत आहे. त्याचा उपयोग होईल?

फार होईल. पण तो आडवा वाचायचा. पुरुषाच्या नोंदीत पत्नीचं माहेरचं नाव, तिच्या वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. तेवढं टिपून त्या दुसऱ्या घराण्याचा कुलवृत्तांत शोधायचा, तिथे ती मुलगी म्हणून सापडते का बघायचं, आणि तिच्या आईवरून तिसऱ्याकडे जायचं. एका पुस्तकात रमू नका.

एकाच पणजोबांच्या दोन बायका निघाल्या. आपली कोणती?

हे फार घरांत होतं. बाळंतपणात बाई जायची, वर्षाच्या आत दुसरं लग्न. आजीच्या जन्मसालाशी दोन्ही लग्नांची सालं ताडून बघा. पितृपंधरवड्यात अविधवा नवमी कुणाच्या नावाने केली जायची ते विचारा, म्हणजे सवाष्ण गेलेली कोण ते कळेल. दुसऱ्या बायकोने गळ्यात घालायचा सवतीचा टाक देव्हाऱ्यात किंवा दागिन्यांच्या डब्यात अजून असेल. सावत्र पणजीने वाढवलं असेल तर तिचंही नाव लिहा, फक्त नातं स्पष्ट लिहा.

आम्ही गोव्याचे. आमचं वेगळं असेल ना?

वेगळं आणि बरंच सोपं. पोर्तुगीज अमदानीतल्या बाप्तिस्म्याच्या आणि नागरी जन्मनोंदींत बऱ्याचदा आईबापांसोबत चारही आजी-आजोबांची नावं असतात, म्हणजे आईची आईसुद्धा. पणजी शहरातलं गोव्याचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं. भाषा पोर्तुगीज, पण नोंदींचा साचा ठरलेला असल्याने पंधरा-वीस शब्द पुरतात. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चची बाप्तिस्मा आणि विवाह रजिस्टरं, मुस्लिम कुटुंबांनी काझींकडचे निकाहनामे बघावेत. निकाहनाम्यात वधूच्या वडिलांचं नाव असतं.

आमचे पूर्वज मॉरिशसला गेले होते.

मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये गिरमिटियांची, म्हणजे करारावर गेलेल्या मजुरांची दप्तरं आहेत. तिथे बायकोलाही स्वतःचा वेगळा नंबर असायचा. ती कुणाची कोम म्हणून नव्हे, स्वतःच्या नोंदीने सापडते, वय आणि मूळ गावासह. गावांची नावं ऐकून लिहिलेली असल्याने रत्नागिरीकडचं गाव ओळखताना मोठ्याने उच्चारून बघा.

डीएनए चाचणीने नावं कळतील?

नावं नाहीत. मायटोकॉन्ड्रियल डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो आणि पुढे फक्त मुली तो देतात, म्हणजे ही नेमकी आपलीच रेषा. पण तो इतका सावकाश बदलतो की त्यात हजारो वर्षांची गोष्ट दिसते, पणजीची नाही. भारतात ‘एम’ हा समूह फार मोठा, तुमचाही तोच निघण्याची शक्यता बरीच. दोन बाया बहिणी होत्या असा संशय असेल आणि दोघींच्याही मुलींकडून वंश आज चालू असेल, तर चाचणी न जुळल्यास ‘त्या सख्ख्या नव्हत्या’ एवढं सांगू शकते.

या नोंदींवर जातीचा दाखला मिळेल का?

साधारणपणे वडिलांकडच्याच नोंदी धरतात. तुमची परिस्थिती वेगळी असेल तर वकिलाला विचारा.

किती पिढ्या मागे जाता येतं?

सामान्य शेतकरी घरात आईपासून चार पिढ्या, नशीब असेल तर पाच. इनामदार-देशमुखांच्या कैफियती पेशवे दफ्तरात मिळतात, पण तिथल्या वंशावळीही पुरुषांच्याच. कधी निराश झालात तर नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात जा. तिथला मोठा शिलालेख गौतमी बलश्रीच्या दानाचा आहे. ती स्वतःला राजाची आई आणि राजाची आजी म्हणवते, आणि तिचा मुलगा आपल्याला ठाऊक आहे तो तिच्याच नावाने, गौतमीपुत्र. जवळपास एकोणीसशे वर्षं ते नाव दगडात आहे. आणि १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात राज्याच्या कागदपत्रांवर आईचं नाव बापाच्या आधी येतं.

पणजीचं नाव सापडलंच नाही. वंशावळीत ती जागा मोकळी सोडू?

मोकळी सोडू नका, आणि अंदाजाने नावही घालू नका. जे कळलं ते लिहा. माझ्या खापरपणजीचं नाव मला अजून मिळालेलं नाही. तिच्या चौकटीत मी असं लिहिलं आहे: ‘नाव अजून मिळालं नाही. १९३१ साली थोरल्या लेकीचं पहिलं बाळंतपण हिच्या घरी झालं. हिच्या मुलाने शके १८७० मध्ये भाचीला तांब्याचा हंडा दिला.’ खाली पेन्सिलीने तिच्या गावच्या रजिस्टराचं साल आणि पान क्रमांक.

आता त्या गावच्या शाळेत जायचं आहे. तिच्या थोरल्या मुलाचं जन्मठिकाण बघायला.